सोलापुरात सोसायटीत नव्याने राहायला आलात? सुरुवात हौदापासून करा

घराची किल्ली हातात आली, दूध उतू घातलं, सामानाचा टेम्पो रिकामा झाला. आता एक काम आजच्या आज करा. शेजारचं दार वाजवा, आपलं नाव सांगा आणि विचारा, "आपल्याकडे पाण्याचा दिवस कधी असतो?"

बाहेरून सोलापुरात आलेल्याला हा प्रश्न विचित्र वाटतो. उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून जलवाहिनीने येतं, टाकळीहून भीमेचं येतं, हिप्परग्याच्या तलावाचंही येतं. तरी नळाला ते रोज सुटत नाही. तीन, चार, कधी पाच दिवसांआड पाणी घ्यायची या शहराला वर्षानुवर्षांची सवय आहे. मधल्या दिवसांत तुम्ही वापरता ते पाणी सोसायटीच्या हौदातलं असतं, म्हणजे सगळ्यांचं असतं. सोसायटी म्हणजे काय हे मला उपविधींच्या, म्हणजे संस्थेच्या नियमांच्या, पुस्तकाआधी हौदाने शिकवलं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मी जुळे सोलापुरातल्या सोळा फ्लॅटच्या सोसायटीत राहतो. काही वर्षं सचिव होतो. नवीन बिऱ्हाड आलं की जे त्यांना सांगत आलो, तेच इथं क्रमाने लिहितो.

पहिला आठवडा: हौद, टाकी आणि कॉक

माहीतगार माणसाला सोबत घेऊन खालचा हौद आणि गच्चीवरची टाकी पाहून या. दोन्हींची क्षमता लिटरमध्ये विचारा. मोटर कुठे आहे, कोण चालू करतं, टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा फ्लोट आहे का, तुमच्या फ्लॅटचा मुख्य कॉक कोणता, हे बघून ठेवा. बोअर असेल तर त्याची लाइन वेगळी आहे का ते विचारा. बऱ्याच इमारतींत संडास-बाथरूमला बोअरचं आणि स्वयंपाकघरात नळाचं, अशा दोन लाइनी असतात. बोअरचं पाणी जड असतं, डाळ शिजत नाही, गीझरमध्ये क्षार साठतात. कोणत्या तोटीला कोणतं पाणी हे पहिल्या दिवशीच कळलं तर पुढचा वैताग वाचतो.

मग वहीच्या मागच्या पानावर एक हिशेब मांडा. आमचा असा आहे. सोळा घरं, सरासरी चार माणसं, म्हणजे चौसष्ट. शहरी पाणीपुरवठ्याचं सरकारी प्रमाण माणशी रोज १३५ लिटर. त्या मापाने दिवसाला ८,६४० लिटर लागतात आणि पाच दिवसांचे होतात ४३,२०० लिटर. आमचा हौद २०,००० लिटरचा आणि गच्चीवरची टाकी १२,००० लिटरची. एकूण ३२,०००. चौसष्ट माणसं आणि पाच दिवस यांना भागलं की माणशी रोज बरोबर १०० लिटर येतात. आमच्या सोसायटीचा खरा नियम हाच आहे. तो कुठल्याच फलकावर लिहिलेला नाही, पण इथली मुलंसुद्धा बादलीने आंघोळ करतात. पाहुणे येणार असले तर लोक आधी सांगतात. तुमच्या सोसायटीचा आकडा काढा आणि घरातल्या सगळ्यांना सांगा.

इथं माझी एक चूक सांगायलाच हवी. राहायला आलो त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सकाळी नळाला पाणी नव्हतं. मी बेसिनची तोटी फिरवून पाहिली, कोरडी होती, ती तशीच उघडी ठेवून गावाकडच्या लग्नाला निघालो. त्याच रात्री पाणी सुटलं, हौद भरला, मोटर लागली, टाकी भरली. बंद घरात माझी तोटी रात्रभर वाहत राहिली. सकाळी खालच्या अण्णांना पाइपात धार वाहिल्याचा आवाज आला, त्यांनी गच्चीवर जाऊन माझ्या लाइनचा कॉक बंद केला. तोवर टाकी तळाला गेली होती. पुढचे दिवस पंधरा घरांनी माझ्यामुळे टँकरचं पाणी वापरलं. परत आल्यावर कोणी मला वाकडा शब्द बोललं नाही. अण्णांनी फक्त गच्चीवर नेलं आणि माझा कॉक दाखवला. टँकरचे पैसे मी भरले, पण लाज पैशाने गेली नाही. त्या महिन्यापासून पाण्याच्या दिवशी मोटर लावायची एक पाळी मी मागून घेतली. माझं सोसायटीत राहणं खऱ्या अर्थाने तिथून सुरू झालं.

पहिला महिना: कागद

आधी एक खात्री करा: तुमची इमारत सहकारी गृहनिर्माण संस्था आहे की अपार्टमेंट? बोलताना दोन्हींना आपण सोसायटीच म्हणतो. पण सहकारी संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते आणि तिचा नोंदणी क्रमांक असतो. अपार्टमेंट १९७०च्या वेगळ्या कायद्याखाली, घोषणापत्र नोंदवून झालेलं असतं. तिथं फ्लॅटसोबत जमिनीतला अविभक्त हिस्साही तुमच्या नावावर येतो आणि शेअर सर्टिफिकेट नसतं. पुढचं सगळं सहकारी संस्थेबद्दल आहे.

जुना फ्लॅट विकत घेतला असेल तर नुसत्या खरेदीखताने तुम्ही सभासद होत नाही. विकणाऱ्याकडे थकबाकी नसल्याचं पत्र आधी मागा. मग हस्तांतराचा अर्ज, ५०० रुपये हस्तांतर फी आणि १०० रुपये प्रवेश फी. याशिवाय संस्था हस्तांतर अधिमूल्य, म्हणजे ट्रान्सफर प्रीमियम, घेऊ शकते, पण त्याला मर्यादा आहे. २००१च्या शासकीय परिपत्रकाप्रमाणे महापालिका हद्दीत ते २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. इमारत निधी, देणगी अशा दुसऱ्या नावाने जास्तीचे पैसे कोणी मागत असेल तर नम्रपणे सांगा, "लेखी द्या, विचार करतो."

समितीने मंजुरी दिली की शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला तुमचं नाव चढतं. सभासद नोंदवहीत, म्हणजे आय नमुन्यात, आणि जे नमुन्याच्या यादीतही ते चढलं आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. "करून टाकू" या शब्दावर घरी जाऊ नका. सोबतच महापालिकेत मिळकत कराला नाव लावा आणि महावितरणचं मीटर नावावर करून घ्या.

घर अजून घ्यायचं असेल तर खरेदीखतातच नवरा-बायको दोघांची नावं घाला. हे मी आग्रहाने सांगतो आणि सांगताना मला सोलापूरजवळची कुंभारी आठवते. सोलापूरच्या विडी कामगार बायकांनी तिथं कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. दहा हजार घरं. १ सप्टेंबर २००६ रोजी तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती कामगारांच्या हाती आली. कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं चळवळ चालवली. त्याच कुंभारीत पुढे रे नगरची ३०,००० घरांची योजना आली आणि त्यातली १५,००० घरं १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते वाटली गेली. गोदूताई संस्थेच्या नावातच 'महिला विडी कामगार' आहे. विड्या वळणारी बाई स्वतः सभासद. तिचं नाव यादीत असू शकतं, तर तुमच्या घरातल्या बाईचं शेअर सर्टिफिकेटवर का नसावं?

नामनिर्देशनाचा फॉर्म त्याच बैठकीत भरून द्या आणि त्याची पोच घ्या. मात्र नॉमिनी म्हणजे वारस असा समज ठेवू नका. सहकार कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर हे स्पष्ट आहे की सभासदाच्या निधनानंतर नॉमिनीला तात्पुरतं सभासदत्व मिळतं आणि मालकी मृत्युपत्र, वारसा दाखला किंवा वारसांच्या आपसातल्या कौटुंबिक व्यवस्थेप्रमाणे ठरते.

शेवटचा कागद उपविधींचा. प्रत मागून घ्या आणि एकदा वाचा. मराठीत मिळते. आणि सचिवांना सहज विचारा, "जमीन कोणाच्या नावावर आहे?" अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन संस्थेच्या नावावर करून देणं, झालं नसेल तर इमारत तुमची आणि जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर, अशी स्थिती असते. बिल्डर टाळत असेल तर संस्था जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय ते करून घेण्याचा, अर्ज करू शकते. हा प्रश्न सभेत कोणी काढत नाही, कारण घाई वाटत नाही. इमारत पाडून नवी बांधायची वेळ येते तेव्हा मात्र सगळं याच कागदावर अडतं.

मेंटेनन्सचं बिल

"कशाचे एवढे पैसे?" हा प्रश्न प्रत्येक नवा सभासद विचारतो आणि विचारायलाच हवा. उत्तर बिलात ओळीओळीने असलं पाहिजे. एकच गोळा आकडा असेल तर तपशील मागा.

सेवा शुल्क, म्हणजे वॉचमनचा पगार, जिन्यातले दिवे, सफाई, हिशेबाचा खर्च, हे सगळ्या फ्लॅटना सारखं. वन बीएचके असो की थ्री. लिफ्टचा खर्चही सारखाच, तळमजल्यालासुद्धा, आणि यावरून भांडण नाही असं एक वर्ष जात नाही. पाण्याचा खर्च फ्लॅटमधल्या नळजोडांची संख्या आणि आकार पाहून. सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची साठवण, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी ०.७५ टक्के. तुमच्या फ्लॅटचा जमीन सोडून बांधकाम खर्च दहा लाख धरला तर वर्षाला २,५०० आणि ७,५०० रुपये, म्हणजे महिन्याला साधारण आठशे तेहतीस.

हे दोन निधी कमी करून मेंटेनन्स स्वस्त ठेवणाऱ्या समित्या मी पाहिल्या आहेत. लोक खूश असतात. मग सोलापूरच्या उन्हाने गच्ची तडकते, जूनच्या पहिल्या पावसात वरच्या मजल्याचं छत गळतं आणि एकदम प्रत्येकी मोठी वर्गणी मागायची वेळ येते. ती रक्कम निवृत्त माणसाकडे नसते. रोजंदारीवर घर चालवणाऱ्याकडे तर नसतेच. दर महिन्याचे आठशे रुपये त्यांना परवडतात, एका फटक्यात पन्नास हजार परवडत नाहीत. म्हणून निधी वाढवायचा ठराव आला तर हात वर करा.

बिल वेळेवर भरा. २०१४च्या आदर्श उपविधींत थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावायची मुभा आहे, आणि सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली वसुलीचा दाखला मिळवून संस्था जप्तीपर्यंत जाऊ शकते. घरात आजारपण असेल, पगार अडला असेल, तर खजिनदाराला आधी जाऊन सांगा, हप्ते पाडून मागा. गप्प राहणाऱ्यांचीच प्रकरणं चिघळतात.

सभा

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते आणि तिची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी मिळायला हवी. सभासदांपैकी दोन तृतीयांश किंवा वीस, यातला जो आकडा कमी तो कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी. आमच्या सोळात अकरा लागतात. अकरा जमत नाहीत म्हणून अर्धा तास खुर्च्यांकडे बघत बसायची वेळ आमच्यावर कितीदा आली.

नोटिशीसोबत ताळेबंद, जमाखर्च आणि लेखापरीक्षणाचा अहवाल येतो. त्यात तीन गोष्टी बघा: बँकेत शिल्लक किती, कोणाची थकबाकी किती, आणि लेखापरीक्षकाने कोणते दोष काढलेत. दोष दुरुस्ती अहवाल तयार आहे का ते विचारा. नवीन आहात म्हणून संकोच नको. पण सुरुवात "तुम्ही पैसे कुठे घातलेत" अशी करू नका. सचिव-खजिनदार आपली नोकरी-धंदा सांभाळून रात्री दहाला पावत्या लिहीत बसलेले असतात. "मालक, ही ओळ मला समजली नाही" असं म्हटलं तर तेच उत्तर जास्त नीट मिळतं.

तारखेबद्दल. शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, गणपती-नवरात्रात कोणी सापडत नाही. नारळी पौर्णिमेलाही नको. त्या दिवशी मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव असतो आणि आमच्या इमारतीतली पद्मशाली घरं त्यासाठी शहराच्या पूर्व भागात गेलेली असतात. आम्ही ऑगस्टमधला मोकळा रविवार धरतो, संध्याकाळी सहाला गच्चीवर, ऊन उतरल्यावर.

आणि भाषा. एकाच जिन्यात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरं असणं ही सोलापूरची रोजची गोष्ट आहे. नोटीस मराठीत फळ्यावर लागते, पण दुसऱ्या मजल्यावरच्या अक्कांना ती वाचता येत नाही. घर त्यांच्या नावावर आहे, मत त्यांचं आहे. गेली काही वर्षं त्यांच्या नातीला आम्ही नोटिशीचा मजकूर तेलुगूत बोलून ग्रुपवर टाकायला सांगतो. दोन मिनिटांचं काम. त्यानंतरच्या पहिल्याच सभेत अक्का आल्या आणि त्यांनी विचारलं, टाकी शेवटची कधी धुतली? कोणालाच सांगता आलं नाही. आता टाकी धुतल्याची तारीख टाकीवरच रंगाने लिहितो. तुमच्या घरात दोन भाषा येणारं कोणी असेल तर हे काम आनंदाने मागून घ्या.

सभेत बोललात ते इतिवृत्तात आलं का हे नंतर वाचा. इतिवृत्तात नाही ते झालंच नाही, असं पुढे धरलं जातं.

गळतंय ते कोणाचं?

साधारण विभागणी अशी: गच्ची, बाहेरच्या भिंती, जिना, लिफ्ट, हौद, टाकी, मोटर, सामाईक पाइप आणि ड्रेनेज, पावसाच्या पाण्याची गळती, हे संस्थेचं. तुमच्या बाथरूम, संडास किंवा सिंकमधून खालच्या घरात झिरपत असेल तर ते तुमचं. खालचे काका छत दाखवायला बोलावतील तेव्हा त्याच दिवशी जा. ओल बघा, चहा घ्या, प्लंबर कधी येणार ते तिथंच सांगा. महिनाभर टाळलेली ओल वकिलापर्यंत जाते.

फरशी बदलताना, भिंत पाडताना समितीला आधी लेखी कळवा. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग फोडून नवीन फरशी बसवणं हेच निम्म्या गळत्यांचं मूळ, असं माझा अनुभव सांगतो. कॉलम-बीमला हात लावायचा नाही, कोणी कितीही सांगो. इमारत पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांची झाली की दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. तुमच्या इमारतीचं शेवटचं कधी झालं, विचारून ठेवा.

एक काम अंगावर घ्या

पहिल्याच वर्षी समितीवर जायची घाई नको. शंभरपर्यंत सभासद असतील तर समिती अकरा जणांची असते, त्यात दोन जागा महिलांच्या राखीव. मुदत पाच वर्षांची. लहान सोसायटीत जागा भरायला माणसं मिळत नाहीत, त्यामुळे नवा माणूस दिसला की गळ घालतात. आधी एखादं लहान, ठरावीक, दिसणारं काम घ्या. मोटरची पाळी. जिन्यातले गेलेले दिवे बदलणं. लिफ्टवाल्याच्या भेटीची नोंद. घंटागाडी येते तेव्हा ओला-सुका वेगळा आहे ना ते बघणं. वर्षभर एक काम नीट केलंत की इमारतीतली सगळी माणसं आणि सगळे पाइप ओळखीचे होतात. मग समितीवर जा.

कामाची वही ठेवा. आमच्या मोटरच्या वहीत पाणी कधी सुटलं, किती वेळ आलं, हौद किती भरला, हे तारखेनिशी आहे. एकदा पाण्याचा दाब कमी झाल्याची तक्रार घेऊन आम्ही झोन कार्यालयात गेलो तेव्हा ती वही सोबत नेली. लाइन तपासायला माणूस आला आणि कचरा अडकलेला सापडला.

भाड्याने राहत असाल तर

मत नाही, पण पाणी तुम्हीही तेवढंच वापरता. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेला असू द्या, त्याची प्रत सोसायटीला द्या, पोलिसांत माहिती दिली आहे याची मालकांकडून खात्री करा. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो त्याबद्दलचं शुल्क, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते मालकाकडून येतं. तुमची जात, धर्म, खाणं, अविवाहित असणं, यावरून घर नाकारायला उपविधींत आधार नाही. माझ्या सचिवपणाच्या काळात एकदा असा विरोध उठला होता. मी तो कलम दाखवा म्हणून थांबवला आणि आजही ते बरोबर केलं असं मानतो. त्या मुलांनी दोन वर्षं मोटरची पाळी सांभाळली.

वाद झाला तर

आधी समोरासमोर, मग समितीला लेखी आणि तारखेची पोच. समिती कागद दाखवत नसेल, नकला देत नसेल, सभा बोलावत नसेल, तर उपनिबंधकांकडे. गळती, पार्किंग, जास्तीची वसुली, पाण्याचं असमान वाटप, यांसाठी सहकार न्यायालय. मारामारी-धमकीसाठी पोलीस. चुकीच्या दारात गेलात तर महिने जातात, म्हणून दार आधी ओळखा.

गावाला जाताना

मुख्य कॉक बंद. सगळ्या तोट्या फिरवून बंद, कोरड्या असल्या तरी. गॅस बंद. एक किल्ली शेजारी, आणि तुमचा नंबर ज्याची मोटरची पाळी आहे त्याच्याकडे. तुमची पाळी असेल तर ती कोणाला दिली हे वहीत लिहा आणि खाली सही करा.